केळ्यात काय आहे आणि काय नाही

जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडी गावच्या शेतकऱ्यांची सुमारे २२ टन केळी दुबईला रवाना झाली. जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले होते आणि त्या मानांकनासह हा माल गेला. त्या वेळच्या सरकारी प्रसिद्धिपत्रकात या केळ्यांना 'तंतुमय पदार्थांनी व खनिजांनी समृद्ध' असे म्हटले होते. जाहिरातीत अशा फळांना आता 'सुपरफ्रूट' म्हणतात. हा शब्द शास्त्राचा नाही, बाजाराचा आहे. अमुक इतके जीवनसत्त्व असले की फळ 'सुपर' होते, अशी कोणतीही व्याख्या आहारशास्त्रात नाही. युरोपीय संघात तर २००७ पासून, पुराव्याने मान्य झालेला नेमका गुण सोबत सांगितल्याशिवाय वेष्टनावर 'सुपरफूड' छापता येत नाही.

जळगाव, धुळे भागातल्या शिक्षकांना केळ्याची ओळख करून द्यायला नको. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर, पुढे शिरपूर, हा सगळा पट्टा केळीचा. जून-जुलैत लावलेली मृगबाग आणि ऑक्टोबरच्या सुमारास लावलेली कांदेबाग ही इथल्या मुलांच्या रोजच्या बोलण्यातली नावे. पण आपल्या शेतात पिकणाऱ्या या फळात नेमके काय असते, असे वर्गात विचारले तर 'लोह', 'कॅल्शियम', 'ताकद' अशी उत्तरे येतात. त्यातली पहिली दोन चुकीची आहेत आणि तिसरे अर्धे बरोबर. म्हणून एकदा नीट हिशोब मांडून पाहू.

शंभर ग्रॅमचा हिशोब

सालीशिवायचा शंभर ग्रॅम पिकलेला गर, म्हणजे साधारण एक मध्यम केळे, घेऊ. त्यात सुमारे ७५ ग्रॅम पाणीच असते. उरलेल्यात २३ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके, एक ग्रॅमच्या थोडी वर प्रथिने आणि ०.३ ग्रॅम स्निग्ध पदार्थ. या सगळ्यापासून ९० ते ११५ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. जात आणि पक्वता यांप्रमाणे आकडे थोडे बदलतात.

तंतुमय पदार्थ असतात सुमारे २.६ ग्रॅम. फळांच्या मानाने हे प्रमाण बरे आहे, पण पेरूत याच्या दुपटीपेक्षा अधिक असतात. 'क' जीवनसत्त्व ८-९ मिलिग्रॅम. पेरूत ते दोनशेच्या घरात असते आणि आवळ्यात त्याहूनही कितीतरी जास्त. कॅल्शियम आणि लोह दोन्ही नावापुरतेच. लोह तर ०.३ मिलिग्रॅमच्या जवळपास, म्हणजे रक्तक्षय झालेल्या मुलीने केवळ केळी खाऊन तो भरून काढायचा म्हटले तर ते शक्यच नाही.

मग केळे लोहाने भरलेले असते ही समजूत आली कुठून? बहुधा कापलेले केळे काळे पडते यावरून. लोखंड गंजते तसे फळातले लोह गंजते, असे मुले (आणि मोठेही) सांगतात. खरे कारण वेगळे आहे. गरातल्या पेशी कापल्या गेल्या की त्यांतली फिनॉल वर्गाची संयुगे, पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येतात आणि तपकिरी रंगद्रव्य तयार होते. केळ्याच्या एका कापावर लिंबू पिळा, दुसरा तसाच ठेवा. लिंबाच्या आम्लामुळे विकराचे काम मंदावते आणि पहिला काप बराच वेळ पांढरा राहतो. लोह दोन्ही कापांत सारखेच होते, हे मुलांना स्वतःहून सुचू द्यावे.

आता जमेची बाजू पाहू. बी-६ हे जीवनसत्त्व एका केळ्यात ०.३५ मिलिग्रॅमच्या आसपास असते; मोठ्या माणसाच्या रोजच्या गरजेचा साधारण पाचवा हिस्सा एका फळातून मिळतो. शरीरात प्रथिनांची मोडतोड आणि जुळणी करणाऱ्या अनेक विकरांना याची मदत लागते. मॅग्नेशियमही थोडे असते, २७ मिलिग्रॅम.

आणि पोटॅशियम. केळ्याचे नाव याच्याशी कायमचे जोडले गेले आहे. शंभर ग्रॅममध्ये ते सुमारे ३६० मिलिग्रॅम असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाच्या आहारात दिवसाला किमान ३५१० मिलिग्रॅम पोटॅशियम असावे. म्हणजे एका केळ्यातून दहावा हिस्सा मिळतो. हे चांगलेच आहे, पण एकमेव नाही. बटाट्यात शंभर ग्रॅमला चारशेच्या वर आणि पालकात साडेपाचशेच्या जवळपास पोटॅशियम असते. केळ्याचा फायदा असा की ते शिजवावे लागत नाही. भाजी उकळून पाणी फेकले की पोटॅशियमही पाण्याबरोबर जाते. केळे मात्र सोलून लगेच तोंडात.

आपल्या जेवणात मीठ, म्हणजे सोडियम, गरजेपेक्षा जास्त आणि पोटॅशियम कमी असते. पोटॅशियम वाढले की मूत्रपिंड जास्त सोडियम बाहेर टाकते आणि रक्तदाब आटोक्यात राहायला मदत होते. मात्र ज्यांची मूत्रपिंडे नीट काम करत नाहीत त्यांच्या रक्तात पोटॅशियम साठून हृदयाची लय बिघडू शकते. अशा रुग्णांना डॉक्टर केळी कमी करायला किंवा बंद करायला सांगतात. एकाच क्षाराची एकाला मदत आणि दुसऱ्याला धोका, हे 'सुपर' या शब्दात बसत नाही.

आणखी एक दावा कानावर येतो. केळ्यात सेरोटोनिन असते, म्हणून केळे खाल्ले की मन प्रसन्न होते. सेरोटोनिन असते हे खरे. पण खाल्लेले सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, मेंदू आपले सेरोटोनिन स्वतःच तयार करतो. केळे खाऊन बरे वाटत असेल तर त्याचे कारण गोडी आणि भागलेली भूक.

कच्चे आणि पिकलेले : दोन वेगळे पदार्थ

केळ्याची खरी गंमत ते पिकताना घडते. कच्च्या केळ्याच्या गरात वजनाच्या २० ते २५ टक्के स्टार्च असतो आणि साखर जेमतेम एक-दोन टक्के. पूर्ण पिकल्यावर हे प्रमाण जवळजवळ उलटे होते. स्टार्च एक-दोन टक्क्यांवर येतो आणि साखर १५ ते २० टक्क्यांपर्यंत जाते. बाहेरून कोणी साखर घातलेली नसते. ग्लुकोजच्या लांबलचक साखळ्या विकरांनी तोडल्या जातात आणि त्यांतून सुक्रोज, ग्लुकोज, फ्रुक्टोज तयार होतात. कच्च्या केळ्याचा तुरटपणा टॅनिनमुळे असतो. पिकताना टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात, लाळेतल्या प्रथिनांना चिकटेनासे होतात आणि तुरटपणा जातो. केळीच्या बागेत काम करणाऱ्यांच्या कपड्यांवर चिकाचे न निघणारे डाग असतात, त्यांतही टॅनिनचा मोठा वाटा आहे.

हा बदल वर्गात डोळ्यांनी पाहता येतो. चार केळी आणा : हिरवे, अर्धवट पिवळे, पूर्ण पिवळे आणि तपकिरी ठिपके पडलेले. औषधाच्या दुकानातले टिंक्चर आयोडिन एकास दहा या प्रमाणात पाण्यात मिसळा. प्रत्येक केळ्याचा एक काप बशीत ठेवून त्यावर दोन-दोन थेंब टाका. हिरव्या केळ्याचा काप काळानिळा होईल, ठिपकेवाल्याचा जेमतेम रंग बदलेल. अर्धवट पिकलेल्या कापाकडे मुलांना नीट पाहायला सांगा. रंग सगळीकडे सारखा येतो का? कोठे आधी फिका पडतो? त्याचे चित्र वहीत काढायला लावा. (आयोडिन लावलेले काप खायचे नाहीत, हे आधीच बजावावे.)

कच्च्या केळ्यातल्या स्टार्चचे कण इतके घट्ट असतात की लहान आतड्यातल्या विकरांना ते सहजी फोडता येत नाहीत. न पचता तो तसाच मोठ्या आतड्यात पोचतो. १९८० च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अशा स्टार्चला 'प्रतिरोधी स्टार्च' म्हणायला सुरुवात केली. मोठ्या आतड्यातले जीवाणू तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरिक आम्लासारखी लहान साखळीची मेदाम्ले तयार होतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशींचे हे आवडते इंधन. ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रात, दीर्घकाळ जुलाब होत असलेल्या तान्ह्या बालकांना भाताच्या आहारात शिजवलेले कच्चे केळे मिसळून देण्यात आले. नुसत्या भाताच्या आहारावर ठेवलेल्या बालकांपेक्षा ती लवकर बरी झाली. २००१ मध्ये ही पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात तुलनेसाठी दुसरा गट होता, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

शिजवल्यावर प्रतिरोधी स्टार्चचा बराचसा भाग पचण्याजोगा होतो, सगळा नव्हे. वेफर्सचे गणित मात्र निराळे. तळताना पाणी उडून जाते, त्या जागी तेल शिरते आणि शंभर ग्रॅममागे पाचशेच्या पुढे किलोकॅलरी होतात. नाव केळ्याचे असले तरी तो पदार्थ तळणाचा.

वखारीतले रसायन

सावदा, निंभोरा, रावेर या स्थानकांवरून वर्षानुवर्षे दिल्लीकडे केळी गेली, ती सगळी हिरवी आणि टणक. पिकलेले केळे असा प्रवास सोसत नाही. म्हणून पोचल्यावर वखारीत ती पिकवावी लागतात. पूर्वी बंद खोलीत धूर करत. धुरात इथिलीन वायूचा अंश असतो आणि काम तोच करत असे. फळे स्वतःच हा वायू तयार करतात, हे १९३४ मध्ये रिचर्ड गेन या शास्त्रज्ञाने सिद्ध केले. केळे काढल्यानंतर एका टप्प्याला इथिलीन सोडू लागते, आणि तो वायू शेजारच्या केळ्यालाही पिकण्याचा निरोप देतो. दोन कागदी पिशव्यांत सारखी हिरवी केळी ठेवा, एकीत एक पिकलेले केळे घाला. कोणती पिशवी आधी पिवळी होते ते मुलांनी रोज नोंदवावे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण लोक 'केमिकल लावून पिकवलेली केळी' असे सरसकट म्हणतात. कॅल्शियम कार्बाइडवर ओलावा आला की ॲसिटिलीन वायू सुटतो. तो इथिलीनची नक्कल करतो आणि साल पिवळी होते. पण बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात, म्हणून भारतात फळे पिकवायला त्याच्या वापरावर बंदी आहे. ती योग्यच आहे. रायपनिंग चेंबरमध्ये नियंत्रित तापमानात सोडलेला इथिलीन वायू मात्र वेगळा. हवेत दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत तो वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची परवानगी आहे, आणि फळ स्वतः जे करते तेच तो करतो. द्रावणात फळे बुचकळून काढायला परवानगी नाही. 'रसायन' म्हणजे विष, अशी मुलांची समजूत होऊ देऊ नये. कोणते रसायन, किती आणि कसे, हे विचारायला शिकवावे.

केळे फ्रिजमध्ये का ठेवत नाहीत, याचेही उत्तर इथेच आहे. १३ अंश सेल्सिअसच्या खाली केळ्याच्या पेशींना इजा होते, साल काळवंडते आणि कच्चे फळ नीट पिकत नाही. खानदेशातली हिवाळ्याची थंडी शेतातल्या बागेलाही अशीच बाधते.

एक चुकलेला चमत्कार

फळाला चमत्काराचे श्रेय दिले की काय होते, याचे एक उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचे आहे आणि ते केळ्याचेच आहे. सिलिअॅक नावाचा एक विकार आहे. त्यात मुलांना जुलाब होतात, पोट फुगते, वजन वाढत नाही. त्या काळी यात मुले दगावत. १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांवर आधारलेला आहार दिला. मुले सुधारली. केळ्याच्या अंगी काही खास औषधी गुण आहे असा निष्कर्ष निघाला, आणि पुढची कित्येक वर्षे केळे हे या विकाराचे औषध मानले गेले. केळी विकणाऱ्या कंपन्यांना हे सोयीचेच होते.

हासच्या आहारात केळी होती, पण पाव, बिस्किटे आणि धान्याचे पदार्थ नव्हते. तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. पाव मिळेनासा झाला. सगळी मुले खंगत असताना सिलिअॅकची मुले मात्र सुधारत होती, आणि पाव परत आल्यावर ती पुन्हा आजारी पडली. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाचा गव्हावर आधीपासूनच संशय होता. १९५० मध्ये त्याने आपला प्रबंध सादर केला. दोष गव्हात होता. पुढे तो गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनापर्यंत नेऊन पोचवला गेला.

म्हणजे मुले बरी झाली ती ताटात केळे आले म्हणून नव्हे, ताटातून गहू गेला म्हणून. या चुकीची किंमत मुलांनी मोजली. केळ्याने आजार बरा झाला असे समजून त्यांना पुन्हा गहू सुरू केला जाई आणि आतड्याची हानी चालूच राही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तुलनेसाठी दुसरा गट ठेवायचा, हा प्रयोगाचा नियम मुले पाठ करतात. तो का हवा, हे सांगायला याहून चांगली गोष्ट सापडणे कठीण.

'अंडे किंवा केळे'

आता आपल्या शाळेकडे येऊ. आदिवासी भागांसाठी राज्यात २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली आणि २०१६ पासून अंगणवाडीतल्या बालकांनाही तिच्यात अंडी किंवा केळी देण्याची तरतूद झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे किंवा स्थानिक फळ द्यायचे ठरले. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा राज्याचा वेगळा निधी बंद झाला. दोन्ही ठिकाणी 'किंवा' हा शब्द आला. हा छोटा शब्द तपासण्यासारखा आहे.

एका अंड्यात सहा ग्रॅमच्या वर उत्तम प्रतीची प्रथिने, 'अ' जीवनसत्त्व आणि बी-१२ असते. 'क' जीवनसत्त्व आणि तंतू अजिबात नसतात. ऊर्जा ७० किलोकॅलरी. दोन केळ्यांत ऊर्जा जवळजवळ तिप्पट, थोडे 'क' जीवनसत्त्व, तंतू आणि भरपूर पोटॅशियम असते. पण प्रथिने दोन ग्रॅमच्या थोडी वर, 'अ' जीवनसत्त्व नगण्य आणि बी-१२ शून्य. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे २३ ग्रॅम प्रथिने लागतात. तेव्हा केळे अंड्याची जागा घेत नाही. ती दोन वेगळ्या कामांची अन्ने आहेत.

अंडे न खाणाऱ्या मुलासाठी खरा पर्याय आपल्या घरातच आहे. केळ्यासोबत मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम, शेंगदाणे दिले की आणखी सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. एक कप दूध घातले की तितकीच प्रथिने, शिवाय कॅल्शियम आणि बी-१२. केळ्याचे शिकरण हा पदार्थ आपल्या आज्यांनी पोषणाचे कोष्टक पाहून केला नव्हता, पण कोष्टकात तो चांगला बसतो. दुधात जे नाही ते केळ्यात आहे आणि केळ्यात जे नाही ते दुधात.

सातपुड्याच्या पायथ्याशी यावल, रावेर, चोपडा, शिरपूर या तालुक्यांत एकीकडे केळ्यांचे ट्रक भरले जातात आणि त्याच तालुक्यांतल्या पाड्यांवर कमी वजनाची मुले आढळतात. केळे स्वस्त आहे, हाताशी आहे, सालीमुळे आपोआप स्वच्छ राहते. भुकेल्या मुलाला ते लगेच ऊर्जा देते. पण 'सुपरफ्रूट' दिले म्हणजे काम झाले असे मानले, तर ज्या मुलाला प्रथिनांची आणि लोहाची गरज आहे ते उपाशी नसूनही कुपोषित राहील. एकाच अन्नात सगळे असावे ही अपेक्षा आपण फळाकडून करू नये. ती ताटाकडून करावी.

वर्गासाठी काही काम :

१. गावात मिळणाऱ्या पाच फळांची यादी करा. पेरू, बोर, सीताफळ, पपई, केळे यांपैकी कोणत्या फळात काय जास्त आहे, याचा तक्ता पाठ्यपुस्तकाच्या किंवा ग्रंथालयाच्या मदतीने तयार करा. दहा रुपयांत कोणत्या फळातून सर्वांत जास्त 'क' जीवनसत्त्व मिळते ते काढा.

२. फळांच्या रसाच्या खोक्यावरची किंवा वेफर्सच्या पाकिटावरची जाहिरात आणा. तिच्यातला प्रत्येक दावा वेगळा लिहा. त्यापुढे, तो तपासायचा तर कोणता प्रयोग करावा लागेल आणि तुलनेसाठी कोणता गट घ्यावा लागेल, ते लिहा.

३. शाळेत मिळणाऱ्या एका दिवसाच्या आहाराचा प्रथिनांचा हिशोब मांडा. कमी पडत असेल तर गावातच पिकणाऱ्या कोणत्या पदार्थाने तो भरून काढता येईल, हे पालकसभेत विद्यार्थ्यांनीच सांगावे.